डावा पाय सरळ

टक.

दुपारची वेळ. लाइट गेलेली, त्यामुळे पंखा गप्प आणि शेजारचा टीव्हीही गप्प. ओहोटीने खाडी लांब सरकलेली. ओटीवर भागीरथी तोंडावर पदर घेऊन आडवी झाली होती आणि तिचा नवरा गोमाजी जाळ्याची फाटकी कड मांडीवर तशीच टाकून भिंतीला टेकून पेंगत होता. कोलशेतच्या त्या घरात एवढी शांतता दिवसातून एकदाच मिळे. तेवढ्यात हा आवाज झाला. कडीचा नव्हे, पालीचाही नव्हे. आतल्या खोलीत त्यांची सून सगुणा बाकावरून उठली होती, आणि तिच्या डाव्या गुडघ्यातल्या पोलादी बिजागरीने नेहमीसारखी आपली वर्दी दिली होती.

लगेच मागोमाग दुसरा आवाज आला. टक. हा बारीक होता आणि जरा ओला.

"उठली," भागीरथी पदराआडून म्हणाली. "वासरू पन उठलं मागोमाग."

वासरू म्हणजे तुळसा, सगुणाची पाच वर्षांची लेक. आई उठली की आपण उठायचं आणि उठताना जीभ टाळूला लावून टक करायचं, हा तिचा नेम होता. बोलायला लागली त्याच सुमाराला हा आवाजही ती शिकली होती. उठणं म्हणजे टक होणं, एवढंच तिला ठाऊक.

"आये, माजा टक बारीक काय गो?"

"बारीकच. तू बारीक, तुझा टकही बारीक."

"मी मोठी झाली का माजा पन तुझ्यासारका येल?"

सगुणा हसली होती त्या दुपारी. हसत हसत तिने लेकीला उजव्या कमरेवर घेतलं, नेहमी उजव्याच, आणि पाणी भरायला गेली.

बारा वर्षांपूर्वी, चौऱ्याऐंशी साली, डोंबिवलीला रेतीबंदराकडच्या आपल्या माहेरी सगुणा होडीतून उतरताना गुडघ्यावर आपटली होती. अठरा वर्षांची होती. सूज आली, ती उतरेना. तिच्या आईने, आवडाबाईने, चोळून देणारा माणूस गाठला. त्याने दोन महिने तेल लावून गुडघ्याच्या वरची ती गाठ चोळ चोळ चोळली, आणि गाठ वाढतच गेली. मग परळचं मोठं हॉस्पिटल. तिथे कळलं की मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला कॅन्सर आहे आणि होडीचा त्यात काही दोष नाही. त्या दिवसांत असा पाय मांडीपासून कापत. पण तिथले डॉक्टर म्हणाले, आजारी हाड तेवढं काढून त्या जागी पोलादाचं हाड आणि सांधा बसवून बघू या, पाय राहील. औषधांनी तिचे केस गेले, भुवया गेल्या, जेवणाची चव गेली, पण पाय राहिला. आवडाबाईने विचारलं होतं, "चालंल ना माजी पोर?" डॉक्टर म्हणाले होते, "चालेल. पण तिला पहिल्यापासून शिकावं लागेल."

पहिल्यापासून म्हणजे खरंच पहिल्यापासून. दोन समांतर लोखंडी दांड्यांच्या मधून, तिथल्या व्यायामाच्या बाईंचा हात धरून आठ महिने. टाच टेकवायची, मग बोटं. गुडघा सरळ ठेवून वजन द्यायचं, मग कमरेतून पाय पुढे घ्यायचा. सगुणाचा डावा पाय तेव्हापासून जरासा बाहेरून वळसा घेऊन पुढे येई. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पळायचं नाही, उडी नाही, डोक्यावर जड पाटी नाही. आणि चिखलात पाय घालायचा नाही, चिखल पाय ओढतो. हे शेवटचं ऐकून सगुणाचा बाप हसला होता आणि हसता हसता त्याने तोंड फिरवलं होतं. खाडीवरच्या कोळ्याच्या मुलीला चिखलात जाऊ नको म्हणजे अंगणात जाऊ नको म्हटल्यासारखंच.

तरीही तिला बघायला माणूस आला. कोलशेतच्या एका कंपनीत फिटर असलेला गोविंदा. त्याने चहा घेतला, खाली बघत बसला, आणि अख्ख्या घराला धडकी भरवणाऱ्या विषयावर त्याने एकच प्रश्न विचारला, "बिजागरी स्टीलची आहे की कुठला दुसरा मेटल?" पुढे सगुणा त्याला म्हणायची, तुम्ही बायको बघायला आलेलात की मशीन. तो म्हणायचा, दोन्ही.

त्याने घरच तिच्या पायाच्या मापाचं करून टाकलं. ओटा उंच. विळीला लोखंडी स्टँड, म्हणजे सगुणा उभ्याने मासळी कापी. जेवायला बाक आणि टेबल. पलंग चार बोटं वर उचललेला. संडासात भोक पाडलेली खुर्ची. नाक्यावर ती मासळी विकायला बसे तो लाकडी माचाही कमरेएवढा, त्यामुळे गिऱ्हाइकांना वाकावं लागत नसे, आणि कंबरदुखीच्या म्हाताऱ्या मुद्दाम तिच्याकडेच येत. भागीरथी आणि गोमाजी आपले ओटीवर, जमिनीवर. पण तुळसा आईला चिकटलेली. आईच्या बाकावर जेवायची, आईशेजारी माच्यावर पाय लोंबकळवत बसायची, आईच्या डाव्या हाताचं बोट धरून नाक्यावरून यायची.

त्या घरात पायाविषयी आता कुणी बोलत नसे. इतकी वर्षं झाली होती की सगुणा लंगडते हेही कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

जूनमध्ये तुळसा बालवाडीत जायला लागली. बालवाडी समाजमंदिरात भरे. ऑगस्टच्या एका गुरुवारी सगुणा तिला न्यायला गेली, तेव्हा बालवाडीच्या मालनबाई सतरंजी गुंडाळत होत्या.

"सगुणाताई, जरा थांबता?"

"का, मारामारी केलीन का हिने?"

"नाही हो. गुणी आहे." मालनबाईंनी सतरंजी खाली ठेवली. "ती मांडी घालत नाही. सगळी मुलं मांडी घालून बसतात, ही डावा पाय सरळ पुढे टाकून बसते. मी दोन-तीनदा सांगून बघितलं. घालते क्षणभर, की परत पाय सरळ."

सगुणाने आत तुळसाकडे पाहिलं.

"आणि चालते ना, तेव्हा डावा पाय ओढल्यासारखा करते. आधी मला वाटलं, चप्पल चावत असेल. काल अनवाणी चालवून बघितली. तरी तसंच." मालनबाई नव्या होत्या, ठाण्याहून येत. सगुणाला त्यांनी आजवर शाळेच्या दारात उभीच पाहिली होती. "घाबरवायचं नाही तुम्हाला. पण एकदा कुणाला तरी दाखवा."

सगुणाने लेकीचं दप्तर घेतलं. घरी येताना ती मुद्दाम चार पावलं मागे राहिली. पुढे तुळसा चालली होती, मधेच थांबून डबक्यातली बेडकी बघत, पुन्हा चालत. डावा पाय गुडघ्यात ताठ. कमरेतून जरासा बाहेरून फिरून पुढे येत होता.

ते रोज डोळ्यांसमोर होतं आणि तिला दिसलं नव्हतं. सगुणाला रस्त्यातच खाली बसावंसं वाटलं, पण खाली बसता येत नव्हतं. ती कुंपणाला हात लावून उभी राहिली.

"आये, चल ना."

"पाय दुखतो का गं तुझा?"

तुळसाने विचार केला. आईला काय हवंय ते मुलांना कळतं आणि ती ते देऊन टाकतात. "थोडासा," ती म्हणाली.

"कुठे?"

तिने बोट ठेवलं ते डाव्या गुडघ्याच्या जरासं वर. सकाळी उठल्यावर सगुणा स्वतःच हात फिरवते, अगदी त्याच जागी.

तिने त्या दिवशी घरात कुणाला सांगितलं नाही. गोमाजीच्या पेटीत जुनं सुती सूत होतं, नायलॉन येण्याआधी जाळी विणायचे त्यातलं. त्याचा एक हात लांब तुकडा तिने काढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसाला आंघोळीला बसवण्याआधी तिने ते सूत तिच्या डाव्या गुडघ्याच्या वर गुंडाळलं आणि बरोबर जिथे टोक टेकलं तिथे गाठ मारली. आता गुडघा वाढला तर गाठ सांगेल. कोळ्याच्या घरातली मुलगी माप दोऱ्यानेच घेणार. मासा, जाळ्याचा डोळा, बाळाचं मनगट, सगळं दोऱ्यानेच.

रोज सकाळी न्हाणीत ती दोरा लावून बघे आणि परत खिळ्याला अडकवे. तुळसा अंगावर पाणी उडवी, दोरा भिजे, वाळे, पुन्हा भिजे.

"हे कशाला गो, आये?"

"तुझा परकर शिवायचाय."

"परकर पायाला?"

"गप बस. साबण जाईल डोळ्यांत."

पाचव्या दिवशी टोक गाठीपर्यंत पोचेना. सगुणाने सोडून पुन्हा लावलं. पुन्हा. अर्धं बोट कमी पडत होतं. नळ चालू होता आणि बादली भरून वाहत होती, तिला ते कळलं नाही. पाच दिवसांत अर्धं बोट. तिच्या स्वतःच्या गाठीला एवढं वाढायला महिना लागला होता.

ती बाहेर आली तेव्हा भागीरथीने तिचा चेहरा पाहिला. मग सगळं सांगावंच लागलं. म्हातारी ऐकून घेत होती, आणि ऐकता ऐकताच फळीवरची तेलाची बाटली काढत होती.

"आन तिला हिकडं. पोरीचा पाय आकडला आसंल. दोन दिस चोलते, बग कसा मोकला होतो."

तिने तुळसाला पुढ्यात घेतलं, तळहातावर तेल ओतलं. तिचा हात त्या गुडघ्याकडे गेला आणि सगुणाने तो मनगटाशी धरला. घट्ट धरला. सात वर्षांत तिने सासूचा हात असा कधी धरला नव्हता.

"चोळू नका, आत्या."

"आगं, तेल हाय नुसतं."

"माझाही नुसत्या तेलानेच चोळला होता. दोन महिने." आवाज चढला नव्हता. "आईने वाईट चिंतलं नव्हतं माझं. पण चोळू नका."

भागीरथीने तेलाचा हात स्वतःच्याच पायांना पुसला आणि तुळसाला म्हणाली, "जा गो माजे बाय, आजोबाला बग काय करतो." सून आत गेल्यावर ती बराच वेळ बाटलीचं बूच हातात घेऊन बसली होती.

गोविंदाने संध्याकाळी सगळं ऐकलं. हात धुतले, तुळसाला उचलून टेबलावर बसवलं, तिचा गुडघा धरून हळूच वाकवला, सोडला, वाकवला, सोडला. जसा एखाद्या यंत्राला कान देतो तसा.

"आवाज नाही," तो म्हणाला.

"तुळसाच्या पायात कसला आवाज असणार?"

"तेच म्हणतोय." त्याने लेकीला खाली उतरवलं. "उद्या रजा टाकतो. तुझी पण वर्षाची तपासणी राहिलेय. दोघींना घेऊन जाऊ."

परळला ते आठ वाजता पोचले आणि साडेअकराला आत गेले. त्या मधल्या साडेतीन तासांबद्दल सगुणा पुढे कधी कुणाशी बोलली नाही. तुळसा बाकावर डावा पाय सरळ टाकून बिस्कीट खात होती. समोर टोपी घातलेला, भुवया नसलेला एक मुलगा आपल्या बापाच्या मांडीवर होता. तुळसाने त्याला अर्धं बिस्कीट दिलं. सगुणा खिडकीकडे बघत होती. कुणी काही मागितलं असतं तर तिने त्या वेळी दिलं असतं. दुसरा पायसुद्धा.

दोघींच्या गुडघ्यांचे फोटो काढले. डॉक्टरांनी ते उजेडावर शेजारी शेजारी लावले. एकात पांढराशुभ्र पोलादी दांडा आणि बिजागरी. दुसऱ्यात बारीक, धुरकट हाडं, आणि हाडाच्या टोकाशी आडवी काळी फट.

"ही फट कसली?" सगुणाने विचारलं.

"ती वाढीची जागा. हाड तिथून वाढतं. तिच्या वयाला ती असायलाच हवी. दुसऱ्या पायातही बघा, तश्शीच आहे." डॉक्टरांनी फीत काढून तुळसाचे दोन्ही पाय मापले, दाबून पाहिले, मांडीपासून पोटरीपर्यंत. "काही नाहीये. हाड अगदी चांगलं आहे."

"पण वाढलंय. मी दोऱ्याने मापलं. अर्धं बोट."

"दोन्ही पाय सारखे आहेत, बाई."

"मग लंगडते कशी?"

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. मग त्यांनी कुणाला तरी हाक मारायला पाठवलं. व्यायामाच्या बाई आल्या. त्याच. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला, पण त्याच. त्यांनी सगुणाला ओळखलं ते चेहऱ्यावरून नव्हे, सरळ टाकलेल्या पायावरून. त्या म्हणाल्या, "जरा बाहेर चला बरं दोघी. त्या टोकापर्यंत जा आणि परत या. बोट धरू नका."

लांब पडवी होती. मायलेकी गेल्या आणि परत आल्या. दाराशी गोविंदा आणि बाई उभे होते. सगुणाने पाहिलं तर गोविंदाने तोंडावर हात धरला होता, आणि त्याचे खांदे हलत होते. रडतोय की हसतोय ते तिला कळेना.

"या दोघींना एकदम चालताना तुमच्या घरात कुणी पाहिलंच नाही का?" बाई म्हणाल्या.

"रोजच बघतो हो," गोविंदा म्हणाला. "म्हणूनच दिसलं नाही."

बाईंनी पदराच्या टोकाला बांधलेली लिमलेटची गोळी काढली, तुळसाला दाखवली आणि टेबलाखाली टाकली. तुळसा बेडकासारखी टुणकन उकिडवी बसली, दोन्ही गुडघे हनुवटीला लागलेले, गोळी उचलली, आणि उठताना तिने जिभेने टक केलं. बाईंनी चमकून पाहिलं. गोविंदाने सगुणाच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. मग बाई चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या.

"अगं, ही चाल तुला शिकवायला मला आठ महिने लागले," त्या सगुणाला म्हणाल्या. "घामाघूम व्हायचीस. आणि हिने बघून बघून उचलली. किती छान उचलली बघ, टाच, मग बोटं. सगळं मी शिकवलेलं."

सगुणा दारातल्या खुर्चीवर बसली. टक झालं. तिला रडू आलं, हॉस्पिटलात तिला कधी आलं नव्हतं तसं.

"दुखतो म्हणाली ती," ती म्हणाली. "इथेच, म्हणाली."

"तू हात कुठे लावतेस? तिथेच ना?" बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तिला रागावू नका. हट्टाने सुधारायला जाऊ नका. इतर मुलांत सोडा, जमिनीवर बसू द्या, पळू द्या. जाईल आपोआप. तिला फक्त दुसरीही चाल असते हे कळायला हवं."

डॉक्टरांनी सगुणाच्या फोटोकडे पुन्हा एकदा पाहिलं. बिजागरीतलं प्लॅस्टिकचं अस्तर, बुश, झिजलंय, ते म्हणाले, म्हणून आवाज मोठा झालाय. कधीतरी बदलावं लागेल, आत्ता नाही. दुखायला लागलं किंवा पाय डगडगला तर लगेच या.

"किती वर्षं चालेल अजून?" गोविंदाने विचारलं.

"बारा झाली. हा सांधा बनवला तेव्हा एवढीही आम्ही धरली नव्हती." डॉक्टर फाइल मिटत म्हणाले. "ही काय काय करते याने?"

गोविंदाने सांगितलं. नाक्यापर्यंत चालते, दोन वेळा. मासळी कापते. पाणी भरते. बसमध्ये चढते, आधी उजवा पाय. पोरीला कडेवर घेऊन जिना चढते. डॉक्टर फाइल पुन्हा उघडून ते लिहून घ्यायला लागले, एक एक, आणि सगुणाला पहिल्यांदाच वाटलं की हे सगळं लिहून घेण्यासारखं असेल.

घरी पोचले तेव्हा गोमाजी न्हाणीच्या दारात उभा होता, हातात ते सूत.

"हे माजं सूत कोनी भिजिवलं?"

"मी," सगुणा म्हणाली. "माप घेतलं होतं तुळसाच्या पायाचं."

"भिजल्या सुतानं?" म्हाताऱ्याने सूत बोटांत ताणून दाखवलं. "आगं, सुती दोरा भिजला का आकसतो. जालं नवं आसलं का पयल्या पान्यात हातभर कमी होतं, म्हनून तर आदीच भिजवून तानून घेत होतो आमी. तुजा बाप काय करी? कोल्याची सून तू, आन तुला ह्ये ठावं नाय?"

तिला ठाऊक होतं. लहानपणी बापाबरोबर तिनेच नव्या जाळ्याची टोकं ओढून धरली होती. पण त्या न्हाणीत ती कोळ्याची सून नव्हती. तिने सूत हातात घेतलं, तुळसाच्या उजव्या गुडघ्याला लावलं. तिथेही अर्धं बोट कमी.

भागीरथीने भिंतीकडे तोंड करून हसून घेतलं आणि चहा ठेवला. सासूने त्या दिवशी सुनेचा कप टेबलावर न ठेवता तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सगुणा मालनबाईंना भेटायला गेली आणि या वेळी दारात उभी न राहता तिने समाजमंदिराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. मालनबाई एवढुसं तोंड करून म्हणाल्या, "मला खरंच माहीत नव्हतं हो."

मग त्या घरात एक नवी शाळा सुरू झाली. दुपारचं जेवण तुळसा आता आजीजवळ, ओटीवर, मांडी घालून जेवू लागली. पहिले दोन दिवस तिने रडून घेतलं. भागीरथी म्हणायची, "राजाची रानी पन आशीच बसते," आणि तुळसा विचारायची, "मंग आये कोन?" गोमाजी तिला ओहोटीला बंदरावर न्यायचा, इतर पोरांत सोडायचा. पोरं पळत, तीही मागे पळे, आधी डावा पाय फेकत, मग विसरत.

सगुणा माच्यावरून बघत असे. दिवसागणिक तो पाय आतून, सरळ पुढे येऊ लागला होता. चांगलंच होतं. त्यासाठीच तर नवस बोलायची वेळ आली होती. आणि तरी मासळी कापता कापता एखाद्या क्षणी तिला काहीतरी निसटत असल्यासारखं वाटे, आणि स्वतःचीच लाज वाटे. या जगात तिच्यासारखं चालणारं आणखी एक माणूस होतं. दीड-दोन वर्षं होतं. कुणी न सांगता, न शिकवता, केवळ ते आईचं आहे म्हणून एका मुलीने ते उचललं होतं. जे सगळ्यांनी सहानुभूतीने पाहिलं, ते तुळसाने नुसतं सुंदर म्हणून घेतलं होतं.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी ती बंदरावर गेली. ओहोटीने खाडी मागे सरकली होती. धक्क्याखाली ओली, करडी जमीन चकाकत होती, आणि तिच्यात निवट्या, चिखलातले ते बारके मासे, टुणटुण उड्या मारत होत्या. गोमाजी होडीला डांबर लावत होता. सगुणा धक्क्याच्या दगडावर बसली, डावा पाय सरळ टाकून. तिला आठवलं, रेतीबंदराच्या चिखलात तीही अशीच निवट्यांमागे पळे. कोण मागे असायचं ते आठवलं. परकर किती वर खोचायची ते आठवलं. आईच्या हाका आठवल्या. पाय आठवेना. तो पाय खाली टेकताना कसा लागे, गुडघा कसा वाके, काहीच नाही. जणू त्या सगळ्या आठवणीत ती कमरेपर्यंतच होती.

तुळसा घोट्यापर्यंत चिखलात भरून वर आली. येताना कडेच्या भिजल्या रेतीवर तिची पावलं उमटली. एकसारखी, एकामागे एक, पाखराच्या पावलांसारखी. शेजारीच सगुणाची मघाची पावलं होती, उजवं पूर्ण, डावं बाहेरच्या कडेने रेघ ओढत गेलेलं.

तुळसा थांबली. तिने वाकून दोन्ही रांगा पाहिल्या. मग आपलं पाऊल आईच्या डाव्या पावलात ठेवून पाहिलं, ते बसेना, आणि काढून घेतलं.

"आये, आजोबा म्हनतो तुझा पाय पयला पोलादाचा नव्हता."

"नव्हता."

"मंग तेव्हा तुझा टक पन नव्हता?"

"नव्हता. चल, अंधार पडेल." सगुणा दगडावर हात टेकून उठली. टक झालं. तिने नकळत वाट पाहिली. मागोमाग जिभेचा आवाज आला नाही. तुळसा तिच्यासमोर उभी होती, मान वर करून, दोन्ही पाय सरळ.

"मंग तू माज्याएवढी होतीस तेव्हा कशी चालायचीस? चालून दाखव ना, आये."